आधी यार्ड, मग क्रेन



स्वागत समितीच्या वतीने मी आपल्या सर्वांचं उरणमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. स्वयंचलित कंटेनर टर्मिनलांची रचना आणि त्यांचं चालन या विषयावरची परिषद न्हावा शेवा बंदराच्या शेजारी भरते आहे, हे अगदी योग्य झालं.

आपण ज्या भूमीवर आलात तिची थोडी ओळख करून देणं माझं कर्तव्य आहे. खाडीपलीकडे घारापुरीची लेणी आहेत. इथून जवळच्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलणारे आमच्याच गावांतले आगरी, कोळी, आदिवासी होते. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर हा तालुका जगला. पुढे नवी मुंबई आणि बंदरासाठी जमिनी गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. 26 मे 1989 रोजी बंदर राष्ट्राला अर्पण झालं. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. बंदराचा आराखडा मुंबईत, दिल्लीत किंवा परदेशातल्या सल्लागाराच्या कार्यालयात काढला जातो, पण त्यातली प्रत्येक रेघ कुणाच्या तरी अंगणातून जाते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

या बंदराने देशाला बरंच शिकवलं. देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल 1999 साली इथेच सुरू झालं. 2024-25 या वर्षात वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे 73 लाख कंटेनर इथून हलले. माझी नोकरीतली बरीच वर्षं यार्ड प्लॅनिंगच्या खुर्चीत गेली, त्यामुळे आज जे बोलणार आहे ते यार्डातल्या माणसाचं बोलणं आहे, एवढं समजून घ्यावं.

स्वयंचलित टर्मिनल ही नवी गोष्ट राहिलेली नाही. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर 1993 साली चालकाविना वाहनं आणि चालकाविना यार्ड क्रेन एकत्र कामाला लागल्या. हॅम्बुर्गचं आल्टनव्हेर्डर 2002 मध्ये आलं. 2015 मध्ये रॉटरडॅमलाच मासव्लाक्टे येथे धक्क्यावरच्या क्रेनही दूरच्या खोलीतून चालू लागल्या. 2017 मध्ये चीनमध्ये छिंगदाव आणि शांघायच्या यांगशानची स्वयंचलित टर्मिनलं सुरू झाली. 2022 मध्ये सिंगापूरने तुआस बंदराचं औपचारिक उद्घाटन केलं. आपल्या देशात केरळच्या विझिंजमला जुलै 2024 मध्ये पहिलं मोठं कंटेनर जहाज लागलं आणि 2 मे 2025 रोजी ते बंदर औपचारिकरीत्या सुरू झालं. म्हणजे तीन दशकांचा अनुभव जगापुढे पडलेला आहे. त्यातून आपण काय उचलायचं, यासाठी ही परिषद आहे.

टर्मिनलचं छायाचित्र काढणारा धक्क्यावरच्या उंच क्रेनचं काढतो. पैसाही तिथेच आधी ओतला जातो. माझं ठाम मत आहे की स्वयंचलित टर्मिनलचा विचार यार्डापासून सुरू झाला पाहिजे. धक्क्यावरची क्रेन तासाला पंचवीस-तीस कंटेनर उचलू शकते, पण खाली वाहन वेळेवर आलं नाही तर ती कंटेनर हवेत धरून उभी राहते. वाहन का आलं नाही? कारण ते यार्डात अडकलेलं असतं. यार्डात ते का अडकलं, याचं उत्तर थप्पीत असतं. घरातल्या उतरंडीतलं तळाचं मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात, तशीच पाच कंटेनर उंच थप्पी असते. आपण ज्याला शिफ्टिंग म्हणतो ती ही उतरवाउतरव. तिचे पैसे कुणी देत नाही, पण क्रेनचा वेळ, वीज आणि ट्रकवाल्याचा दिवस तीच खाते.

निर्यातीच्या कंटेनरचं जहाज, वजन आणि उतरायचं बंदर आधीच ठाऊक असतं, म्हणून तो योग्य जागी ठेवता येतो. आयातीच्या कंटेनरचं तसं नाही. शंभर कंटेनर उतरले, त्यातला कुठला आधी न्यायला ट्रक येईल हे उतरवताना संगणकालाही माहीत नसतं. न्हावा शेवा हे मुख्यतः प्रवेशद्वार बंदर आहे. आपला माल ट्रकने आणि रेल्वेने येतो-जातो. सिंगापूरला बहुतांश कंटेनर एका जहाजातून दुसऱ्या जहाजात जातात, विझिंजमचाही भर त्यावरच आहे. तिथे दोन्ही टोकं संगणकाच्या हातात असतात. आपलं एक टोक मात्र पळस्प्याच्या वाहतूक कोंडीत अडकलेल्या ट्रेलरचालकाच्या हातात असतं. म्हणून तिथला आराखडा जसाच्या तसा इथे आणणं घातक ठरेल. ट्रकची वेळ आधी ठरवून देण्याची व्यवस्था आणि 2016 पासून आपल्याच बंदरात कंटेनरला लागू लागलेले आरएफआयडी टॅग यांचा खरा उपयोग इथेच आहे. ट्रक गेटवर पोहोचायच्या कितीतरी आधी यार्डाला त्याची चाहूल लागली, तर रात्रीच्या निवांत तासांत क्रेन त्याचा कंटेनर वरच्या थरात आणून ठेवू शकते. माझ्या मते स्वयंचलनाचा सर्वात मोठा लाभ हाच आहे. यंत्राला रात्रपाळीचा शीण नसतो, ते पहाटे तीन वाजताही उद्याची तयारी करू शकतं.

आता थप्प्यांची दिशा. रॉटरडॅम आणि हॅम्बुर्गमध्ये यार्डाचे ब्लॉक धक्क्याला काटकोनात आहेत. समुद्राकडच्या टोकाला चालकाविना वाहन येतं, जमिनीकडच्या टोकाला ट्रक. माणूस आणि चालकाविना यंत्र यांची गाठ पडत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. त्याची किंमत अशी की क्रेनला कंटेनर घेऊन ब्लॉकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं लागतं. एकाच रुळांवर दोन क्रेन असतील तर त्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एक बंद पडली की दुसरीची वाट अडते. आल्टनव्हेर्डरने यावर सुंदर उपाय काढला: एक क्रेन मोठी, एक लहान, दोघींचे रूळ वेगळे, म्हणजे मोठी लहानीच्या वरून निघून जाते. दुसरा मार्ग ब्लॉक धक्क्याला समांतर ठेवून क्रेनचा बाहू बाजूला काढायचा आणि वाहन त्याच्याखाली आणायचं. त्यात क्रेन कमी चालते, पण ट्रक आणि चालकाविना वाहनं यांच्या वाटा वेगळ्या ठेवणं अवघड होतं. यातलं कुठलं बरं, याचं सरसकट उत्तर नाही. उत्तर एका आकड्यात आहे: सर्वात गर्दीच्या तासाला किती ट्रक दारात उभे असतात. तो आकडा प्रामाणिकपणे मोजल्याशिवाय कुणी ब्लॉकची दिशा ठरवू नये.

देवाणघेवाणीची जागा हा असाच एक दुर्लक्षित विषय. रॉटरडॅमची सुरुवातीची वाहनं सपाट पाठीची होती. त्यांना कंटेनर स्वतः उचलता किंवा ठेवता येत नसे. क्रेन येईपर्यंत वाहन थांबणार, किंवा वाहन येईपर्यंत क्रेन. पुढे मासव्लाक्टेला उचलपाठीची वाहनं आली. ती कंटेनर मांडणीवर ठेवून निघून जातात आणि क्रेन सवडीने उचलते. काही बंदरांनी कंटेनर पोटाखाली धरून नेणारी, उंच पायांची वाहनं घेतली आणि तोच परिणाम साधला. दोन यंत्रांमध्ये चार-पाच कंटेनरची मोकळी जागा ठेवली तर दोन्हींचाही खोळंबा टळतो. आराखड्यात जागा वाचवायच्या नादात आधी हीच जागा कापली जाते, आणि मग जास्त वेगाची यंत्रं विकत घेऊन ती तूट भरायचा प्रयत्न होतो.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी आहेत ज्या युरोपातला सल्लागार कमी लेखतो. पहिली, खाडीतला चिखल. भराव टाकलेली मऊ माती वर्षानुवर्षं खचत राहते, आणि सगळीकडे सारखी खचत नाही. रबरी टायरच्या आरटीजीला याचा फारसा त्रास होत नाही. रुळांवरच्या स्वयंचलित क्रेनला मात्र रूळ वाकडातिकडा झालेला चालत नाही. त्यामुळे जमीन सुधारण्याचा खर्च आणि रूळ पुन्हा समतल करण्याची सोय पहिल्या दिवसापासून हिशेबात हवी. दुसरी गोष्ट कोकणचा पाऊस. कॅमेरा कंटेनरचा नंबर वाचतो, लेझर ट्रकची कड शोधतो, पण जुलैमधल्या धारेत त्यांना काय दिसतं, हे एक पावसाळा पूर्ण चाचणी घेतल्याशिवाय कळणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात बोलतो, कारण उद्याचं संपूर्ण सत्र त्यावर आहे. कुठला कंटेनर कुठे जावा हे ठरवणारी एक प्रणाली आणि यंत्रांना प्रत्यक्ष हुकूम देणारी दुसरी, या दोघींचं पटलं नाही तर उत्तमातलं उत्तम यंत्र ठप्प होतं. म्हणून टर्मिनल बांधून होण्याआधी ते संगणकात हुबेहूब उभं करून, खोट्या जहाजांवर, खोट्या गर्दीवर महिनोन्महिने तपासायचं असतं. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने 2018 मध्ये स्वयंचलित बंदरांचा आढावा घेतला, तेव्हा चालनखर्च कमी झालेला दिसला, पण उत्पादकता वाढण्याऐवजी घटलेली दिसली. माझ्या मते याचं मुख्य कारण अपवाद. कंटेनरचा वाकलेला कोपरा, कंटेनर जखडून ठेवणारा आणि न सुटणारा ट्विस्टलॉक, उलट तोंडाने ठेवलेलं दार, वीज लावायला माणूस लागणारा रीफर, म्हणजे शीतकंटेनर. हे रोजचं आहे. जिथे माणूस जाऊ नये असं ठरवलं आहे तिथे माणसाला पाठवावं लागतं. मग वीज कुठून तोडायची, कुठलं फाटक उघडायचं, बाकीची यंत्रं कशी थांबवायची, हे नकाशावरच ठरलेलं असलं पाहिजे.

27 जून 2017 ची आठवण आज इथे काढणं आवश्यक आहे. नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा जगभर कोलमडली आणि त्याचा फटका न्हावा शेव्यातल्या त्यांच्या टर्मिनललाही बसला. युक्रेनवर रोखलेल्या हल्ल्याने उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागू शकतात. जिथे क्रेनही संगणकाच्या हुकुमावर हलते, तिथे यंत्रणा तुटल्यावर निदान काही तास हाताने काम चालवता येईल का, याचं उत्तर प्रत्येक टर्मिनलकडे असायला हवं.

आणि आता माणसांबद्दल. मासव्लाक्टेची नवी टर्मिनलं सुरू झाल्यावर जानेवारी 2016 मध्ये रॉटरडॅमच्या कामगारांनी संप केला. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरची बंदरं तीन दिवस बंद राहिली, त्यातही स्वयंचलन हा कळीचा मुद्दा होता. या कामगारांना प्रगती नको होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.  माझ्या मते बदललेलं काम कुणाला मिळणार, हा त्यांचा प्रश्न होता. स्वयंचलित यार्डातही शेवटच्या काही फुटांत ट्रकवर कंटेनर टेकवणारा ऑपरेटर खोलीत बसून स्क्रीनकडे बघत असतो. जहाजावरचं लॅशिंग, म्हणजे कंटेनर बांधण्याचं काम, आजही हातांनीच होतं. दुरुस्तीची कामं तर वाढतात. विझिंजमला यार्ड क्रेन दूरनियंत्रणाने चालवणाऱ्यांत त्याच परिसरातल्या, मच्छीमार घरांतल्या तरुणी आहेत. उंच केबिनची चढउतार संपली आणि त्या खुर्चीचं दार मुलींसाठीही उघडलं, ही मला या सगळ्या तंत्रज्ञानातली सर्वात आनंदाची गोष्ट वाटते.

आज महाराष्ट्रापुढे वाढवणचं नवं बंदर आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पायाभरणी झाली. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनलं तिथे उभी राहायची आहेत. डहाणू किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचे आणि बागायतदारांचे आक्षेप आपण सर्वांनी ऐकले आहेत. ते आक्षेप मला परके वाटत नाहीत. माझ्या आधीच्या पिढीने ते इथे उरणमध्ये मांडले होते.

म्हणून या परिषदेत जमलेल्या जाणकारांना माझी एक विनंती आहे. वाढवणच्या टर्मिनलांचे आराखडे आपल्यापैकीच अनेकांच्या हातांतून जातील. क्रेनची निविदा निघते त्याच दिवशी डहाणू आणि पालघरच्या मुलामुलींसाठी प्रशिक्षण केंद्राचीही निविदा निघावी, त्यात सिम्युलेटर असावा, मराठीतून शिकवणारे प्रशिक्षक असावेत, आणि पहिली क्रेन धक्क्यावर उभी राहण्याआधी त्यांची पहिली तुकडी तयार असावी. ही अट करारात लिहिली जावी, असा ठराव या तीन दिवसांत आपण करावा. स्वागत समितीच्या वतीने त्याचा मसुदा मी आज दुपारी परिषदेच्या अध्यक्षांकडे सुपूर्द करणार आहे.