शर्यतीचा सारथि : जेहान दारूवाला

नाशिककरांना मोटारींची स्पर्धा अगदींच अपरिचित नाहीं. शहराभोंवतालच्या कच्च्या रस्त्यांवरून ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ धांवलेली आहे. परंतु रॅलींत मोटारी एकेक करून सुटतात आणि चालकाची झुंज घड्याळाशीं असते. सर्किटवरच्या शर्यतींत वीसबावीस मोटारी एकदम सुटतात आणि पहिल्याच वळणावर चाकाला चाक भिडतें. या दुसऱ्या प्रकारांत महाराष्ट्राचें नांव जगापुढें नेलें तें मुंबईच्या जेहान दारूवाला या तरुणानें.

त्याचा जन्म १९९८ सालचा, सधन पारशी उद्योजकाच्या घरचा. हें सांगणें आवश्यक, कारण हा खेळ द्रव्य गिळणारा आहे. तथापि द्रव्यानें मोटार मिळते, विजय मिळत नाहीं. २०११ सालीं फोर्स इंडिया संघानें देशभरांतून निवडलेल्या तिघां मुलांत तो होता. पुढें कार्टिंगसाठीं, म्हणजे जमिनीलगत धांवणाऱ्या उघड्या, चिमुकल्या मोटारींच्या शर्यतींसाठीं, तो विलायतेस गेला व २०१३ सालीं तेथील कनिष्ठ गटाचें अजिंक्यपद त्यानें पटकाविलें. २०१७ सालीं न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली.

खरी कसोटी फॉर्म्युला टूमध्यें लागली. तेथें सर्व संघांना सांगाडा एकच व एंजिनही एकच. अर्थात् मोटारीस बोल लावण्यास फारशी जागा नाहीं. २०२० चें पहिलें वर्ष त्याला जड गेलें. त्याच संघांतला, आणि त्याच्याप्रमाणेंच रेड बुलनें हाताशीं धरलेला जपानी सोबती युकी त्सुनोदा तिसरा आला व पुढल्याच वर्षीं फॉर्म्युला वनमध्यें गेला. जेहान बारावा राहिला. पण ६ डिसेंबरची बहारीनमधील अखेरची शर्यत त्याचीच ठरली! त्या दिवशीं मोसमाचें अजिंक्यपद मिक शूमाखरला मिळालें. विजयमंचावर राष्ट्रगीत वाजलें तें मात्र भारताचें. फॉर्म्युला टूची शर्यत भारतीयानें जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

२०२१ व २०२२ सालीं इटलींतील मॉन्झा येथें त्यानें पुन्हां एकेक शर्यत जिंकली. दोन्ही वर्षीं एकंदर क्रमांक मात्र सातवा. जून २०२२ मध्यें सिल्व्हरस्टोन येथें मॅक्लॅरेननें त्याला आपल्या फॉर्म्युला वन मोटारींत बसविलें, परंतु तें चांचणीपुरतेंच. फॉर्म्युला वनमध्यें त्या वेळीं जागा अवघ्या वीस. तोंवर नरेन कार्तिकेयन (२००५) व करुण चंदोक (२०१०) हे दोघेच भारतीय तेथवर पोंचले होते. सातवा क्रमांक त्या दारांतून आंत जाण्यास पुरला नाहीं. २०२३ चा मोसमही फॉर्म्युला टूमध्येंच गेला, आणि २०२४ च्या आरंभीं जेहान मासेराती संघाकडून फॉर्म्युला ईमध्यें उतरला. तेथें मोटारी विजेवर धांवतात.