काट्याची घाई नको



मंडळाच्या वर्धापनदिनी माझ्या आपरेशनाविषयी चार शब्द सांगावेत, अशी अध्यक्षाबाईंची आज्ञा झाली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. परंतु येताजाता आपण साऱ्याजणी मला एकच प्रश्न विचारता, "किती उतरलं?" त्याचे उत्तर एकदाच सर्वांना द्यावे, म्हणून उभी राहिले आहे.

मार्च २०२३ मध्ये माझ्या जठराची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वजन ११२ किलो होते. मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, आणि गुडघ्यांपायी जिन्याच्या दर पायरीवर थांबावे लागे. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. केळ्याएवढी नळी उरते. भूक चाळविणारे द्रव्य जठराच्या ज्या भागात मुख्यतः तयार होते, तोही भाग निघून जातो. म्हणून थोडक्यात पोट भरते. खर्चासाठी आम्ही माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. त्यामुळे काटा हलला नाही, की मला आधी पाटल्याच आठवत.

पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर उतरले. घरात सगळ्यांना आनंद झाला. तिसऱ्या आठवड्यात मात्र काटा एका जागी थांबला, तो अकरा दिवस! दिवसभरात चार वाट्या पातळ पदार्थ पोटात जात होते, तरी वजन उतरेना. रात्री झोप लागेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांना विचार तरी."

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, आणि तो आपल्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवतो. खाणे एकदम कमी झाले की आधी हा साठा वापरला जातो आणि ते पाणी निघून जाते. म्हणून आरंभी काटा धावतो. पुढे शरीर थोडे पाणी पुन्हा धरते. आत चरबी जळतच असते, पण काट्यावर दिसत नाही. मेथीची जुडी कढईत घातली की क्षणात निम्मी होते. नंतर मात्र ती हळूहळू शिजते. तसेच हे. असा थांबा पुष्कळांना येतो, आणि नेमून दिलेले पथ्य चालू ठेवले की सुटतो. माझाही सुटला. महिन्याअखेर ९ किलो कमी झाले होते.

माझ्याच दिवशी आपरेशन झालेल्या एका बाईंचे १३ किलो उतरले होते. ते ऐकून मन खट्टू झाले. पण त्यांचे मूळ वजन १४० होते. शेकडेवारीने त्यांचे नऊ, माझे आठ! वय, मूळ वजन, मधुमेह, हालचाल यांप्रमाणे वेग बदलतो. एकीच्या मापाची चोळी दुसरीला कशी बसेल?

सहा महिन्यांत मी ८४ वर आले आणि वर्षाने ७४ वर. पुढे वेग मंदावला, तोही स्वाभाविकच. घरातली माणसे कमी झाली की कणीकही कमी लागते. तसे लहान झालेल्या देहाला अन्न कमी पुरते. साधारण वर्ष-दीड वर्षाने वजन स्थिरावते. नंतर थोडे परत वाढणेही अनेकांच्या वाट्याला येते. आज मी ७३ वर आहे. मधुमेहाची एकच गोळी उरली आहे, तीही डॉक्टरांनीच कमी करत आणली. हे महत्त्वाचे आहे, कारण खाणे घटल्यावर जुन्याच मात्रेत औषध घेतले तर साखर फार खाली जाण्याचा धोका असतो.

आता दुसरी बाजूही सांगते. फार वेगाने वजन उतरणे हेही नेहमी शुभ नसते. चौथ्या महिन्यात माझे केस मुठीने गळू लागले. हे पुष्कळदा घडते आणि काही महिन्यांनी केस परत येतात. परंतु प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत. मला रोज निदान ६० ग्रॅम सांगितली आहेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, म्हणजे हिशेब किती बारकाईने करावा लागतो पाहा. म्हणून ताटात आधी पनीर, उसळ, अंडे, भाकरी शेवटी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात. सतत उलट्या होत असतील तर घरी औषध करीत बसू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. ब१ जीवनसत्त्व कमी पडून मज्जातंतूंना इजा होते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी तर जन्मभराची.

मी आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी, वजन करते. बाकी दिवस दुसरी मापे पाहते. शिंपिणीने माझी पोलकी तीनदा आत घेतली. परवा जिना न थांबता चढले. देवळाला पायी प्रदक्षिणा घालते. काटा यांतले काहीच सांगत नाही.

भगिनींनो, आता आपल्याकडे तीन मागणी मागते. हळदीकुंकवाला "एकच घास, माझ्यासाठी" असा आग्रह करू नका. तो घास प्रेमाचा असला तरी या लहानशा पोटात मावत नाही. "चेहरा उतरला, काही मोठे दुखणे तर नाही ना?" असे चारचौघीत म्हणू नका. आणि "किती उतरलं?" याऐवजी "संध्याकाळी फिरायला येता का?" असे विचारा. मी नक्की येईन. आपल्यापैकी आणखी कोणी ही वाट धरणार असेल, तर तिच्यापुढेही काटा धरू नका, हात धरा.

पाटल्या गेल्या दिवाळीत सोडवून आणल्या. त्या आता हातातून सरकन निघतात, म्हणून दोऱ्याने बांधून घालते. पण त्याचे दुःख नाही.