खेळाडूंचा संप

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत संप म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गेट मीटिंग, करार, वाटाघाटी हे इथल्या पाळीवाल्यांचे ओळखीचे शब्द. पण खेळाडूच संपावर गेले तर?

१२ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलपटूंनी भर हंगामात खेळ थांबवला. ७१३ सामने बुडाले. भांडण पगारवाढीचं नव्हतं. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्याच्या बदल्यात जुन्या क्लबला त्या क्लबचा खेळाडू मिळावा, असा मालकांचा हट्ट. म्हणजे मोकळा झालेला गडीही पुरता मोकळा नाहीच! खेळाडूंच्या युनियनचे नेते मार्विन मिलर मूळचे पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ. मालकही कच्चे नव्हते. त्यांनी चक्क संपाचा विमा उतरवला होता, ५ कोटी डॉलरचा. तो विमा संपत आला आणि ३१ जुलैला तडजोड झाली. उरलेल्या हंगामाचं मात्र हसं झालं. संपाआधीचा एक भाग, नंतरचा दुसरा, आणि दोन्हींचे विजेते वेगळे. एकूण हिशोबात सर्वांत सरस ठरलेला सिनसिनाटीचा संघ घरीच बसला.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, १८ जानेवारी १९८२ला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांची जिद्द कमी नव्हती. पण संप फसला. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून मिळत होतं. बेसबॉलचा नावाजलेला पिचर मालक कुठून विणून आणणार? माझ्या मते खरा फरक इथे पडला.

आपले क्रिकेटपटूही तितकेच दुर्मीळ, पण युनियनविना. १९८९मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर परवानगीवाचून अमेरिका-कॅनडात प्रदर्शनी सामने खेळले म्हणून क्रिकेट मंडळाने वेंगसरकर, कपिल देव, शास्त्री यांच्यासह सहा जणांवर वर्षाची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, बंदी उठली. कर्णधारपद मात्र वेंगसरकरांकडे परत आलं नाही.

पालघरचा शार्दुल ठाकूर भारताकडून खेळला, याचा आपल्याला अभिमान आहे. २०१९मध्ये क्रिकेटपटूंची अधिकृत संघटनाही स्थापन झाली. पण ती निवृत्त खेळाडूंची आहे. मैदानात उतरणाऱ्या खेळाडूला तिथे सभासद होता येत नाही.