खरं वाटणं वेगळं, खरं असणं वेगळं

एसटीत बसून ऐकत असाल तर जव्हारचा घाट लागायच्या आत एपिसोड डाऊनलोड करून घ्या, पुढं रेंजचा भरवसा नाही. आजचा प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट आपल्याला खरी का वाटते?

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. एप्रिल २०२०, लॉकडाऊन. पाड्यापाड्यांवर एकच चर्चा होती: रात्री चोर फिरतायत, मुलं पळवतायत, किडन्या काढतायत. लोक काठ्या घेऊन पहारा देऊ लागले. डहाणू तालुक्यात गडचिंचलेला १६ एप्रिलच्या रात्री जमावानं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, अशा तिघांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारलं. ते कांदिवलीहून सुरतला अंत्यविधीला निघाले होते. चोरीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

मग लोकांना ते खरं का वाटलं?

पहिलं कारण, भीती आधीच मनात होती. रस्ते बंद, कामं बंद, आणि बाहेरून येणारा माणूस रोग आणेल हा धसका. अफवेनं त्या भीतीला फक्त चेहरा दिला.

दुसरं, सांगणारा आपला होता. मेसेज कुणी बनवला हे कुणाला माहीत नसतं, पण पाठवतो तो मामा, मित्र, नाहीतर शेजारचा दादा. आपण विश्वास माणसावर ठेवतो आणि तो मेसेजला चिकटतो.

तिसरं, डोळ्यांना दिसलं की संपलंच. २०१८ मध्ये मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरला. तो मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कापलेला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारून टाकलं.

चौथं, पुन्हा पुन्हा ऐकणं. अमेरिकेत १९७७ मध्ये संशोधकांनी लोकांना काही विधानं दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा ऐकवली. जी परत ऐकली, ती लोकांना जास्त खरी वाटू लागली, मग ती खोटी का असेनात! पाच ग्रुपवर एकच मेसेज आला की आपल्याला वाटतं पाच जण सांगतायत. प्रत्यक्षात तो एकाच ठिकाणाहून आलेला असू शकतो.

आता कुणी म्हणेल, पाड्यावरची माणसं अडाणी, म्हणून फसली. थांबा. गडचिंचलेनंतर लगेच दुसरी अफवा उठली, की हा हिंदू-मुस्लिम हल्ला होता. ती शहरातल्या शिकल्या-सवरल्या लोकांनी पसरवली. शेवटी गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, की यात एकही मुस्लिम नाही. शिक्षणानं आपोआप कुणी वाचत नाही.

याची उलटी बाजूही आपल्याकडं आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभरावर बालकं कुपोषणानं गेली. तेव्हा कुठं राज्याचं लक्ष इकडं वळलं. पाड्यावरच्या आईनं 'पोर खात नाय, सुकत चाललंय' असं सांगितलं, तर त्याला व्हिडिओ नसतो, की पाच ग्रुप नसतात. खोटं धावत सुटतं, आणि तिचं खरं आरोग्य केंद्राच्या दारात ताटकळत बसतं. म्हणून अफवा ओळखणं जितकं गरजेचं, तितकंच हळू आवाजातलं खरं ऐकणंही.

करायचं काय? व्हॉट्सॲपवर मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो खूप हातांतून आलाय. पाठवणाऱ्याला विचारा, 'तू स्वतः पाहिलंस का? गाव कुठलं? तारीख कुठली?' उत्तर 'सगळे म्हणतायत' असं आलं, तर फॉरवर्ड करू नका. आणि रात्री गावात अनोळखी गाडी आली, तर आधी पोलीस पाटलांना किंवा ११२ ला फोन लावा. काठी उचलली की मग चौकशीला वेळ उरत नाही.

हा एपिसोड घरच्या ग्रुपवर टाकाच. आणि मी सांगितलेलंही तपासून घ्या बरं का! भेटू पुढच्या भागात.