गळ, आमिष आणि वही

नदीकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य दिसला, म्हणजे "याला दुसरा उद्योग दिसत नाहीं" असें म्हणून आपण पुढें जातों. आपल्या सुशिक्षित घरांतून या छंदाला फारशी प्रतिष्ठा नाहीं. जे मासे खातात ते बाजारांतून आणतात. जे खात नाहींत, त्यांना या विषयांत ऐकण्यासारखें काय सांपडणार, अशी शंका येणें साहजिक आहे. परंतु पस्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत आणि त्यांतले बहुतेक रविवार नदीकांठीं घालवून माझी अशी खात्री झाली आहे कीं, हा छंद म्हणजे एक अभ्यास आहे. त्याचें साहित्य तीन प्रकारचें : गळ, आमिष आणि वही. पहिल्या दोहोंविषयीं कोणाला नवल वाटणार नाहीं, तिसरीविषयीं वाटेल. म्हणून तिचा विचार शेवटीं करूं.

आपल्या नद्यांत गळाला लागणारे मासे अनेक आहेत. आज मी एकाविषयींच बोलणार आहें. त्याचें नांव महाशीर. हिंदुस्थानांत त्याच्या निरनिराळ्या जाती आहेत. आपल्या दख्खनी जातीला पुणें-मावळ भागांत खडशी म्हणतात. मुंबई सरकारच्या नोकरींतील कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या माशांविषयींचा आपला निबंध १८३९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत या जातीचें पहिलें शास्त्रीय वर्णन आलें. त्यांचा नमुना पुण्याच्या पूर्वेस कांहीं मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रांत मिळाला होता, आणि त्यांनीं दिलेलें 'खुद्री' हें नांव शास्त्रज्ञ आजहि वापरतात. ज्या नदीवरचा पूल आपण नाकाला रुमाल लावून ओलांडतों, त्याच नदीनें या माशाला शास्त्रांत स्थान मिळवून दिलें, हें पुणेकर श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

खडशीचे खवले मोठे, ओठ जाड व मांसल, आणि तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या. जबड्यांत दांत मुळींच नाहींत. जे आहेत ते घशांत, आणि ते इतके बळकट कीं, खेकड्याचें कवच त्यांखालीं भरडलें जातें. तिला वाहतें, स्वच्छ पाणी लागतें. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि गोट्यांच्या, वाळूच्या जागीं अंडीं घालते. एवढा धडा ज्याला पाठ आहे, त्याला सामानाची यादी दुकानदाराकडून करून घ्यावी लागत नाहीं.

प्रथम काठी. पूर्वीं आपल्याकडे साधा बांबू, आणि साहेबलोकांकडे बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली काठी असे. आतां कांचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंच्या काठ्या मिळतात. काठी कशाचीहि असो, ती दहाबारा फूट लांब, शेंड्याशीं लवचिक आणि बुडाशीं दमदार असावी. दुसरें रीळ. गळ लागतांच खडशी जी पहिली धाव मारते, तिच्यांतच नवशिक्याचा निकाल लागतो. म्हणून रिळावर निदान दीडशे वार दोरी असावी, आणि ओढ वाढतांच ती आपोआप सुटेल एवढाच दाब ठेवावा. रेशमी दोरीचे दिवस गेले. ती प्रत्येक वेळीं वाळवावी लागे, नाहीं तर कुजे. नायलॉननें ती कटकट मिटविली. मात्र त्याची गांठ ओली करून मगच आंवळावी. कोरडी आंवळली तर घर्षणाच्या उष्णतेनें दोरी नेमकी तेथेंच दुबळी होते.

गळ लहान चालेल, पण जाड तारेचा हवा. बारीक तारेचा गळ हा मासा चिरडून तरी टाकतो किंवा सरळ तरी करतो. गळाच्या टोकाशीं जो उलटा काटा असतो, तो पकडीनें दाबून सपाट करावा. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सहसा निसटत नाहीं, आणि गळ काढतांना जखम फाटत नाहीं. आपल्या नद्यांचा तळ खडकाळ, त्यामुळें दोरीला बांधलेलें वजन हटकून अडकतें. म्हणून शिशाऐवजीं नदींतलाच एखादा गोटा मुख्य दोरीपेक्षां कच्च्या दोऱ्यानें बांधावा. अडकला तर दोरा तुटतो, गोटा आपल्या घरीं राहतो, आणि शिशाचें विष पाण्यांत जात नाहीं.

आतां आमिष. खडशी हा कांहीं एकभुक्त व्रतस्थ मासा नव्हे. किडा, खेकडा, लहान मासे, शेवाळ, फळें, सगळेंच तिला चालतें. कावेरीकांठीं नाचणीच्या पिठाच्या उंड्याची ख्याति आहे. पीठ घट्ट मळून, उकडून, पुन्हां मळावयाचें, म्हणजे तें रबरासारखें चिवट होतें आणि प्रवाहांत विरघळत नाहीं. एवढ्यासाठींच तें उकडावयाचें. कच्च्या कणकेचा गोळा लहान मासे क्षणांत कुरतडून नेतात. उंडा लिंबाएवढा असावा. भिजविलेले हरभरे लहान माशांना पुरेसे होतात. कांठावर उंबर असेल आणि त्याचीं फळें पाण्यांत पडत असतील, तर दुसरें आमिष शोधूं नये. पिकलेलें उंबर गळाला लावून तें फांदीखालींच सोडावें. झाडानें जें शिकवून ठेविलें आहे, त्याचा फायदा आपण घ्यावा.

कृत्रिम आमिषांत पितळेचा चमचा जुना आहे. तो पाण्यांत ओढला म्हणजे गिरक्या घेत चमकतो आणि घायाळ मासळीचा भास करतो. फिनलंडमधील लॉरी रापाला या कोळ्यानें १९३६ च्या सुमारास बूच कोरून जो लहान मासा बनविला, त्याचें तत्त्वहि हेंच : धडधाकट मासळीपेक्षां लंगडत पोहणारी मासळी मोठ्या माशाच्या नजरेंत आधीं भरते. थोडक्यांत नियम असा कीं, पाणी नितळ असेल तर डोळ्यांना फसविणारें आमिष घ्यावें, आणि गढूळ असेल तर वासानें बोलावणारें.

तंत्रांतील पहिला पाठ म्हणजे कोठें बसावें. जेथें खळाळ संपून डोह सुरू होतो, तेथें धांवतें व संथ पाणी एकमेकांस भिडतें. खाद्य प्रवाहाबरोबर येतें, आणि खडशी संथ बाजूला, खडकाच्या आडोशानें वाट पाहते. वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. कांठावर उभें राहूं नये; प्रकाशाचे किरण पाण्यांत शिरतांना वांकतात, त्यामुळें उभा मनुष्य माशाला आपण समजतों त्याहून लवकर दिसतो. पाय आपटूं नये. माशाच्या दोन्ही कुशींवर जी रेघ असते ती पाण्यांतील कंप ओळखणारें इंद्रिय आहे. बोलण्यापेक्षां पाऊल अधिक घात करतें.

दोरी दोन बोटांत हलकेच धरावी. बारीक टकटक लागली तर ती चिल्लर मंडळी समजावी. खडशीची ओढ आली म्हणजे शंका उरत नाहीं. तिची पहिली धाव अडवूं नये; काठी उंच धरून दोरी जाऊं द्यावी, आणि ती थांबली म्हणजे मग गोळा करावी. मद्रास प्रांतांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनीं १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला. त्यांत त्यांनीं वजनाच्या मानानें महाशीर विलायतेच्या सामन माशाहून सरस ठरविला आहे. मात्र ही झुंज उगीच लांबवूं नये. पार दमलेला मासा सोडला तरी जगेलच असें नाहीं. कांठाशीं आल्यावर त्याला पाण्याबाहेर खेंचूं नये. हात ओले करून धरावा, गळ काढावा, तोंड प्रवाहाकडे करून आधार द्यावा, आणि तो स्वतःच्या बळानें निघेपर्यंत थांबावें.

येथें कोणी विचारील, "खावयाचा नाहीं, तर टोंचावयाचा कशाला?" हा आक्षेप खोटा नाहीं. गळानें मासा दुखावतो, आणि ज्याला हें रुचत नाहीं त्यानें काठी हातीं न धरणेंच योग्य. परंतु ज्यांनीं धरली, त्यांच्यापैकीं कांहींच्या हातून एक असें काम झालें कीं, तें काठावरून नुसती गंमत पाहणाऱ्यांकडून झालें नसतें. तें काम वहीचें.

कावेरीच्या खोऱ्यांत पाठीवर उंचवटा असलेला एक निराळा महाशीर राहतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनीं १९४६ सालीं काबिनी नदींत धरलेला महाशीर १२० पौंड भरला होता. इकडे लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटा कंपनीनें १९७० नंतर खडशीचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें केंद्र चालविलें. धरणांनीं ज्या माशाची वाट अडविली, त्याच्यासाठीं हें मोलाचें काम होतें. पिलें ठिकठिकाणच्या नद्यांतून व तलावांतून सोडण्यांत आलीं. कावेरींतहि सोडलीं गेलीं. हेतु उत्तम होता.

कावेरीच्या एका टापूंत गळानें धरलेला प्रत्येक महाशीर परत सोडण्याचा नियम होता. मासा सोडला म्हणजे हातीं उरते ती वहींतली एक ओळ. १९९८ ते २०१२ या काळांतील अशा सहा हजारांहून अधिक माशांच्या नोंदी पुढें संशोधकांनीं तपासल्या. वरवर पाहतां सारें ठीक होतें. दर तासास मिळणारे मासे वाढलेच होते. पण सरासरी वजन उतरलें होतें, आणि जात पाहूं गेल्यास जवळजवळ सगळी बाहेरून आलेली खडशी! उंचवट्याचा महाशीर दिसेनासा झाला होता. २०१८ सालीं त्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं नामशेष होण्याच्या पराकाष्ठेच्या धोक्यांत असलेल्या प्राण्यांत त्याची गणना झाली. घरच्या वारसाला नांव मिळालें, पण तें पाहुण्यानें घर व्यापल्यावर. नदींत मासे पुष्कळ आहेत एवढ्यानें नदी सुखी आहे असें ठरत नाहीं, हें त्या ओळींनीं दाखविलें.

म्हणून वही ठेवावी. तींत तारीख, जागा, पाण्याचा रंग, आमिष, माशाची जात आणि लांबी लिहावी. गळ किती तास पाण्यांत होता, तें अवश्य लिहावें. आणि ज्या दिवशीं रिकाम्या हातानें परतलों, तो दिवस तर कधींच वगळूं नये. मुलांची हजेरी मांडतांना गैरहजर मुलाचें नांव खोडून टाकणारा मास्तर जसा निरुपयोगी, तसाच नुसते पराक्रम टिपणारा शिकारी.

ज्यांना गळाशीं कर्तव्य नाहीं, त्यांनाहि या वहींत जागा आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांत, देहूला इंद्रायणीच्या डोहांत मासे अवध्य मानलेले आहेत; भाविक त्यांना लाह्या-चुरमुरे घालतात. तेथें जाणाऱ्यानें पाणी कसें दिसलें आणि मासे किती दिसले, एवढें जरी वर्षानुवर्षें टिपलें, तरी तें काम श्रद्धेस सोडून होणार नाहीं. सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. परंतु शहराचें सांडपाणी नदींत मुरतें तें सुरुंगासारखा आवाज करीत नाहीं. त्याची साक्ष वहीच देऊं शकेल.

कर्नल साइक्स यांनीं मुळा-मुठेच्या कांठीं एक ओळ लिहून ठेविली, म्हणून तेथें काय होतें तें आज आपणांस कळतें. आपल्या नातवंडांना आपल्या काळाविषयीं तेवढें कळावें, इतकीच अपेक्षा करून मी आपली रजा घेतों.