पडद्यावरचा अनुस्वार

(हीरक महोत्सवानिमित्त नोएडा येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोएडाच्या सेक्टर १६-अ मधील फिल्म सिटीतून हिंदी वृत्तवाहिन्यांची चित्रे अहोरात्र आकाशात जातात. सॅमसंगने नोएडात आणि एलजीने ग्रेटर नोएडात दूरचित्रवाणी संच बनविण्यास प्रारंभ केला, तो १९९० च्या दशकात. चित्र जेथून निघते आणि ज्यावर ते उमटते, अशी दोन्ही टोके ज्या परिसरात आहेत, तेथे ‘एचडी’ या दोन अक्षरांचा अर्थ तपासून पाहणे औचित्याचे ठरेल. हीरक महोत्सवात माजी विद्यार्थी शाळेला वर्गासाठी संच भेट देऊ इच्छितात, हेही त्याला एक निमित्त आहे.

देवनागरीची पडद्यावर खरी परीक्षा होते ती अनुस्वारापाशी. चिंता आणि चिता यांत एका बिंदूचेच अंतर, हे संस्कृत सुभाषितकाराने पूर्वीच सांगून ठेवले आहे. वृत्तवाहिनीच्या तळपट्टीवर, किंवा शैक्षणिक कार्यक्रमातील बारीक मजकुरात, तो बिंदू मोजक्या ठिपक्यांचाच बनलेला असतो.

साध्या प्रक्षेपणात चित्राच्या ५७६ ओळी असतात. भारतातील एचडी वाहिन्या सामान्यतः १०८० ओळींच्या. प्रत्येक ओळीत १९२० ठिपके, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. परंतु ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या असंख्य संचांचा पडदा १३६६ गुणिले ७६८ एवढाच असतो. त्यावर साडेदहा लाखांच्या आसपासच ठिपके मावतात. आलेल्या १०८० ओळी ७६८ मध्ये बसविताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळाव्या लागतात आणि अनुस्वाराची कड पुसट होते. मौज अशी, की ७६८ ही संख्या ५७६, ७२० किंवा १०८० यांपैकी कोणत्याच प्रक्षेपणाच्या ओळींइतकी नाही. या पडद्यावर येणारे प्रत्येक प्रक्षेपण ताणावे तरी लागते, नाहीतर आखडावे तरी.

मग ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा ‘फोर-के’ संच घेतला की प्रश्न सुटला काय? १०८० ओळींची त्यावर नेमकी दुप्पट होते, हे खरे. पण साध्या वाहिनीच्या ५७६ ओळी पावणेचार पट ताणल्या जातात. जो तपशील प्रक्षेपणात आलाच नाही, तो संच कोठून आणणार? तो मधल्या जागा अंदाजाने भरतो. मोठ्या नव्या पडद्यापुढे बसून ‘जुना डबाच बरा होता’ असे म्हणणाऱ्या आजी मुळीच चुकत नाहीत. लहान काचनळीच्या मऊ चित्रात ही उणीव झाकली जात असे.

अंतराचे गणित याहून महत्त्वाचे, आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. निकोप डोळ्याला सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. ३२ इंची संचावर एचडी रेडीचा ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, तर फुल एचडीचा ०.३७ मिलिमीटरचा असतो. दीड मीटरवर बसल्यास पहिला डोळ्याला सापडतो, दुसरा सापडत नाही. तीन मीटरवर दोन्ही सारखेच. वर्गातील शेवटचे बाक सहा मीटरवर असेल, तर तेथे पावणेदोन मिलिमीटरपेक्षा बारीक काही वेगळे दिसतच नाही. त्या बाकावरच्या मुलासाठी अधिक ठिपक्यांवर केलेला खर्च वाया जातो. त्याला हवा मोठा पडदा आणि त्यावर मोठे अक्षर.

घरोघरी आढळणारी एक चूक येथेच सांगितली पाहिजे. एचडी वाहिन्यांचे पैसे भरले जातात, पण सेट-टॉप बॉक्स आणि संच यांना पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांची जुनी तार जोडलेली असते. चित्र वाहणारी पिवळी तार ५७६ ओळींपलीकडे काही नेऊ शकत नाही. तेथे एचडीएमआय तारच हवी. शिवाय काही संच चित्राच्या कडा कापून उरलेला भाग पडद्याएवढा ताणतात, त्यामुळे फुल एचडी पडद्यावरही ओळी पुन्हा मिसळतात. एलजीच्या संचांत ‘जस्ट स्कॅन’ आणि सॅमसंगच्या संचांत ‘स्क्रीन फिट’ या नावाची सोय त्यासाठीच आहे.

दुकानातील पडद्यावर फुले, पोपट आणि समुद्र दाखवितात. ते कोणत्याही संचावर सुरेखच दिसतात. शाळेसाठी संच घ्यावयास जाताना पाठ्यपुस्तकाचे एखादे पान पेन ड्राइव्हवर न्यावे, ते पडद्यावर लावावयास सांगावे, आणि शेवटच्या बाकाएवढे अंतर पावलांनी मोजून तेथून अनुस्वार वाचून पाहावेत.