परक्या बोलीतले बाळ



२०१५ पासून दत्तकासाठीची नोंदणी देशभर एकत्र होऊ लागली, म्हणूनच कोलकात्याच्या आम्हां उभयतांस चेन्नईची आठ महिन्यांची कन्या लाभली. परमुलखात कानी परकी भाषा पडण्याचे भय आपणांस ठाऊकच आहे. कोरोमंडल एक्स्प्रेसमध्ये आमची मराठी ऐकून तिचे रडे थांबेना. सांभाळणाऱ्या अम्मांनी दिलेले, मुद्दाम न धुतलेले दुपटे तेवढे तिने घट्ट धरले होते. तिला ओळखीचा वास काय तो त्याचाच. सहप्रवासी मायेने हात पुढे करीत. परंतु आरंभीचे दिवस दूध, झोप, थोपटणे सारे आमच्याच हातून व्हावे, हा आमचा कटाक्ष. (लोक आम्हांस शिष्ट म्हणाले असतील, म्हणोत!) अम्मांकडून शिकलेली ‘कण्णम्मा’ ही हाक आम्ही रात्रभर घालीत होतो. खडगपूर मागे पडले, तेव्हा तिने दुपटे सोडून आमचे बोट धरले.